लहानपणाची झळ लेकरांपर्यंत पोचू नये म्हणून: खान्देशातल्या आईबापांसाठी

संध्याकाळची साडेसहाची वेळ. तव्यावर कळण्याची भाकरी, लाइट गेलेली, आणि तीन वर्षांचं पोरगं वरणाची वाटी उलटी करतं. वाटी खणकन पडते आणि तुमची कानशिलं तापतात, जबडा आवळतो, हात वर जातो. वाटीभर वरणासाठी एवढा राग येत नसतो. हा राग जुना आहे. अन्न सांडलं म्हणून तुम्ही स्वतः कधीतरी मार खाल्ला होता, तेव्हाचा तो आहे. पोराला त्यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला दिसतो तो आईचा बदललेला चेहरा आणि वर गेलेला हात.

हे मार्गदर्शन अशा आईबापांसाठी आहे. ज्यांनी लहानपणी मार खाल्ला, बाप दारू पिऊन आईला मारताना पाहिला, ज्यांच्याशी कुणी नको ते केलं, ज्यांच्या घरात कुणी औषध पिऊन गेलं, ज्यांना चार वर्षं नातेवाइकांच्या दारात काढावी लागली, त्यांच्यासाठी. आणि आता ज्यांच्या घरात शून्य ते सहा वर्षांचं लेकरू आहे, त्यांच्यासाठी. तुमच्यावर जे गुदरलं ते पुसता येणार नाही आणि ते पुसेपर्यंत लेकराला थांबवूनही ठेवता येणार नाही. ती दोन-चार मिनिटं कशी हाताळायची आणि नंतर लेकराकडे परत कसं यायचं, हे मात्र शिकता येतं. पुढचे बहुतेक टप्पे त्याचेच आहेत.

"आमच्या वेळी सगळ्यांनाच पडायचा मार, आम्ही काय बिघडलो?" हा प्रश्न घरातलं कुणीतरी विचारणारच. १९९५ ते १९९७ या काळात कॅलिफोर्नियात विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. १९९८ साली पहिले निष्कर्ष छापून आले. मार, दुर्लक्ष, घरातली दारू, आईला होणारी मारहाण असे अनुभव जितके जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, इतकंच काय हृदयविकाराचंही प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे 'सगळ्यांनाच पडायचा' हे बऱ्याच अंशी खरं असलं तरी त्याची किंमतही अनेकांनी मोजली. मात्र हे आकडे हजारो माणसांच्या गटाचे आहेत. इंटरनेटवरची प्रश्नावली भरून स्वतःचे गुण काढू नका. त्यावरून तुमचं किंवा तुमच्या लेकराचं भविष्य कळत नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- चाळीस पानी वही आणि पेन. लिहिणं जमत नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि खडू चालेल.
- फोनमध्ये सेव्ह केलेले नंबर: १४४१६ (टेलि-मानस), १०९८ (चाइल्डलाइन), १८१ (महिला हेल्पलाइन), ११२ (आपत्कालीन), १०८ (रुग्णवाहिका).
- लेकराचं माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसीकरणाच्या नोंदी असलेलं.
- तुमचं आधार कार्ड. आधी काही उपचार झाले असतील तर जुने केसपेपर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं.
- ज्याला निरोप दिला की तो दहा मिनिटांत येऊ शकेल असा एक माणूस. नवरा, बायको, नणंद, शेजारीण, कुणीही. हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा आहे.

१. सात दिवस फक्त नोंद करा

पहिल्या आठवड्यात स्वतःला सुधारायला जाऊ नका. भडका उडाला, किंवा उलट सगळं सुन्न होऊन तुम्ही भिंतीकडे बघत बसलात, की त्या दिवशी पाच गोष्टी टिपा: वेळ, लेकरानं काय केलं, तुमच्या अंगात कुठं काय झालं, तुम्ही काय केलं, आणि आदल्या रात्री किती झोप झाली व पोटात काय होतं. प्रत्येक नोंद दोन ओळींची. कॅलेंडर वापरत असाल तर भडक्याला फुली, सुन्न होण्याला गोल.

अंगातली खूण जरूर लिहा. कुणाच्या मानेत ताठा येतो, कुणाचे तळहात गार पडतात, कुणाला आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. ही खूण हात उठण्याच्या काही क्षण आधी येते. पुढच्या टप्प्यात तुम्हाला तेवढेच क्षण मिळणार आहेत.

सात दिवसांनी वही चाळली की बहुधा तीन-चारच गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात. न थांबणारं रडणं. अन्न टाकणं. अंथरूण ओलं करणं. अंघोळ घालताना लेकराचं उघडं अंग, ज्यांच्यावर लहानपणी लैंगिक अत्याचार झाला त्यांना हे फार जड जातं आणि त्याची त्यांना स्वतःचीच लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही, अंघोळ काही दिवस दुसऱ्यानं घातली तरी चालते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: तुमच्यावर जे गुदरलं ते तुम्ही पाच वर्षांचे असताना गुदरलं असेल, तर लेकरू पाच वर्षांचं होतं तेव्हा सगळं अचानक अवघड होऊन बसतं. चार वर्षं नीट गेली आणि आता काय झालं, असं वाटतं. झालं एवढंच की लेकरू त्या वयाला पोचलं.

कुठं चुकतं: रात्री सगळे झोपल्यावर एकट्यानं जुन्या आठवणी पानंच्या पानं लिहायला बसणं. त्यानं झोप उडते आणि दुसऱ्या दिवशीचा भडका पक्का होतो. वही दिवसा, दहा मिनिटं, आणि आजच्यापुरती. वही कुणाच्या हाती लागेल अशी भीती असेल तर माणसांची नावं घालू नका, खुणा वापरा.

२. भडक्याच्या वेळचा क्रम पाठ करा

रागाच्या भरात नवीन काही सुचत नाही, त्यामुळं हा क्रम शांत असताना पाठ करावा लागतो. दिवसातून दोनदा, सकाळी चहाआधी आणि रात्री अंथरुणावर, दोन आठवडे करा. राग आल्यावर पहिल्यांदाच करून पाहिला तर जमत नाही, आणि मग लोक म्हणतात की याचा उपयोग नाही.

पहिलं, हात मोकळे करा. लेकरू कडेवर असेल तर खाली ठेवा. तान्हं असेल तर सपाट अंथरुणावर पाठीवर, तोंडाजवळ उशी-गोधडी न ठेवता. चूल, गॅस, पाण्याची टाकी, विळी यांपासून लांब.

दुसरं, तीन पावलं मागे या आणि तळपाय जमिनीला टेकवा. माठातलं पाणी तोंडावर आणि मनगटावर घ्या.

तिसरं, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. चार आकडे मोजत घ्या, सहा आकडे मोजत सोडा, दहा वेळा. ज्यांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमटल्यासारखं होतं (अत्याचार सोसलेल्यांत हे बऱ्याच वेळा होतं), त्यांनी डोळे मिटू नयेत आणि श्वास मोजणं सोडून द्यावं. त्याऐवजी समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यावीत: कोयरी, कळशी, खुंटी, दार, चप्पल.

चौथं, एक वाक्य म्हणा, दरवेळी तेच: "हा माझा पोरगा आहे, तीन वर्षांचा आहे. मी मोठी झाले आहे. हे माझं घर आहे." ऐकायला साधं वाटतं. पण अंगाला त्या घडीला आपण जुन्याच घरात आहोत असं वाटत असतं, त्याला आजची तारीख आणि जागा सांगावी लागते.

तान्हं बाळ थांबतच नसेल तर त्याला वर सांगितल्याप्रमाणे ठेवून पाच मिनिटं ओट्यावर जा, मग परत येऊन बघा. पाच मिनिटं रडल्यानं बाळाला काही होत नाही. हलवल्यानं होतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कधीही धरून गदागदा हलवू नका. त्याचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कच्ची असते. मेंदूतल्या बारीक शिरा तुटून रक्तस्राव होतो आणि त्यातून आंधळेपणा, फिट, मृत्यूसुद्धा येऊ शकतो. बाळाचं रडणं साधारण दोन-तीन आठवड्यांपासून वाढत जातं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांनी उतरतं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीच्या आईनं हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं, कारण ते दिवस टाळता येत नाहीत, त्यांची तयारी करता येते.

घरात दुसरं माणूस असेल तर एक शब्द ठरवून घ्या. 'पाणी' हा शब्द सोयीचा आहे. एकानं "जरा पाणी आण" म्हटलं की दुसऱ्यानं काही न विचारता लेकरू ताब्यात घ्यायचं. का, कशाला, आता काय झालं, हे सगळं नंतर. हा शब्द सासूबाईंसमोर, पाहुण्यांसमोरही वापरता येतो, कुणाला कळत नाही.

३. परत या

हात उचलला गेला, किंवा असं काही ओरडलात की लेकरू कोपऱ्यात जाऊन बसलं. आता काय? बहुतेक आईबाप इथं दोन चुका करतात. एक तर काही झालंच नाही असं दाखवतात, किंवा रडून लेकराला इतकं कवटाळतात की तेच आईची समजूत घालायला लागतं. तीन वर्षांच्या पोरानं आईचे डोळे पुसणं बघायला गोड वाटतं, पण ते ओझं त्याचं नाही.

त्याच दिवशी, झोपायच्या आत, जमिनीवर त्याच्या उंचीला बसा. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच बोला, प्रमाण भाषा आणू नका. "काय व्हयनं? मी आठेच शे" (काय झालं? मी इथंच आहे), एवढ्या दोन वाक्यांनी सुरुवात पुरते. पुढे चार गोष्टी सांगायच्या: काय झालं ("मी जोरात ओरडले"), त्याला काय वाटलं असेल ("तुला भीती वाटली"), चूक कुणाची ("ती माझी चूक, तुझी नाही"), आणि आता काय करायचं ("वरण आपण दोघं मिळून पुसू"). मग थांबा. लेकरू जवळ आलं तर घ्या, नाही आलं तर ओढू नका, तिथंच बसून राहा.

"तू वाटी पाडली म्हणून मला राग आला" हे वाक्य वर्ज्य. माफी मागून लगेच चॉकलेट देणंही नको. मारानंतर खाऊ येतो असं गणित त्याच्या डोक्यात बसतं.

एवढ्यानं खरंच फरक पडतो का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईला थोडा वेळ चेहरा अगदी दगडासारखा ठेवायला सांगितलं. बाळ आधी हसून, हात हलवून तिला बोलावतं, मग तोंड फिरवतं, मग रडू लागतं. फोनमध्ये मान घालून बसलेल्या किंवा सुन्न झालेल्या आईबापासमोर बाळाचं हेच होतं. पण त्याच संशोधनातून पुढे असंही दिसलं की चांगलं जमणाऱ्या मायलेकरांचंही सूर जुळणं सुमारे ३० टक्केच वेळ होतं. बाकीचा वेळ सूर चुकतो आणि पुन्हा जुळतो. बाळ त्या पुन्हा जुळण्यातून शिकतं.

परत येणं म्हणजे मारायची मुभा नव्हे. आठवड्यातून एकदाही हात उठत असेल, किंवा एकदाच उठला पण वळ उमटला, तर सातव्या टप्प्याकडे आजच जा.

४. दिवसाला बांध घाला

भेदरलेल्या घरात वाढलेल्या माणसाला पुढच्या तासाला काय होईल याचा भरवसा नसतो. लेकराला तो भरवसा द्यायचा तर दिवस ठरलेला हवा. घड्याळाच्या काट्यावर नव्हे, क्रमानं. जेवण, हातपाय धुणं, एक गोष्ट किंवा एक गाणं, दिवा बंद. रोज तोच क्रम, वीस-तीस मिनिटांचा.

दिवसातून पंधरा मिनिटं लेकरू म्हणेल ते खेळा. फोन दुसऱ्या खोलीत. शिकवायचं नाही, आकडे म्हणून घ्यायचे नाहीत, ते करतंय ते फक्त शब्दांत सांगायचं: "तू माती भरली. आता ओतली." ज्यांच्याशी लहानपणी कुणी खेळलंच नाही त्यांना ही पंधरा मिनिटं डोंगराएवढी वाटतात, काहींना तर चीड येते. पाच मिनिटांपासून सुरू करा.

खान्देशातला एप्रिल-मे वेगळा धरायला हवा. भुसावळ-जळगावकडं पारा ४५ च्या घरात जातो, दुपारभर सगळे एका खोलीत, रात्री गच्चीवरही झोप नाही. वहीतल्या फुल्या या दिवसांत वाढणार. म्हणून उन्हाळ्यात लेकराकडून कमी अपेक्षा ठेवा, दुपारी बारा ते चार काहीही 'शिस्तीचं' काढू नका, आणि स्वतःची झोप आधी बघा. रात्रीची चार तासांची झोप आणि रिकामं पोट यांवर कुठलाही श्वासाचा उपाय चालत नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत क्रम ठेवणं कठीण, पण पालावरही तीन गोष्टी सोबत नेता येतात: तीच गोधडी, तेच गाणं, झोपायच्या आधीचा तोच क्रम. कापूस वेचणीच्या दिवसांत तान्ह्याला आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर सोडलं जातं. नका सोडू. ते तान्ह्याला धोक्याचं आहे आणि त्या बहिणीचं लहानपण तिथंच संपतं. तीन ते सहाचं मूल अंगणवाडीत बसवा, त्याखालच्यासाठी दोन-तीन घरांनी मिळून आळीपाळीनं एक मोठं माणूस मागं ठेवा.

५. स्वतःच्या लहानपणाबद्दल लेकराला किती सांगायचं

तीन वर्षांच्या आत काहीच नाही. तीन ते सहा या वयात, त्यानं विचारलं किंवा तुमचा भडका पाहिला तर, तीन-चार वाक्यं: "मी लहान होते तेव्हा घरातली मोठी माणसं फार ओरडायची. मला भीती वाटायची. ती माझी चूक नव्हती. आपल्या घरात मारायचं नाही असं आपण ठरवलं आहे." तपशील, नावं, रक्त, दारू यातलं काहीही नको.

अगदी काहीच न सांगणंही बरं नाही. लहान मूल न कळलेली जागा स्वतःच्या चुकीनं भरून काढतं. आई रडते, म्हणजे मी काहीतरी केलं असणार. आणि बहिणीशी फोनवर जुनं बोलताना पोरगं शेजारी खेळत असेल तर ते ऐकत असतं, हे गृहीत धरा.

तुम्ही स्वतः मात्र ही कहाणी कुणा जाणत्या माणसापाशी नीट लावून घ्यायला हवी. अमेरिकेत बर्कली इथं मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आईबापांच्या मुलाखती घेतल्या. लहानपण किती वाईट गेलं यापेक्षा ते आज किती सुसंगत सांगता येतं, याचा त्यांच्या बाळांच्या आधार वाटण्याशी जास्त संबंध दिसला. ज्यांना दुःख दुःख म्हणून सांगता आलं, न झाकता आणि त्यात वाहून न जाता, त्यांची बाळं निर्धास्त होती.

६. आखाजी, कानबाई, लग्नकार्य: ज्यानं त्रास दिला तोच समोर असतो तेव्हा

हा टप्पा सगळ्यात अवघड आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जावंच लागतं, झोके बांधलेले असतात, पोरं मामाकडे नाचत जातात. आणि ज्या घरात तुम्ही भीतीत वाढलात तेच ते घर असतं.

एक नियम, त्याला अपवाद नाही. ज्या माणसानं तुमच्याशी किंवा आणखी कुणा मुलाशी लैंगिक गैरवर्तन केलं, त्याच्यासोबत तुमचं लेकरू एक मिनिटही एकटं राहणार नाही. तो म्हातारा झाला, देवाधर्माला लागला, सगळे त्याला मान देतात, यानं काहीही बदलत नाही. लग्नाच्या रात्री गच्चीवर सगळे ओळीनं झोपतात तेव्हा लेकरू तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये. दुकानात खाऊ आणायला कुणासोबत जातं ते तुम्हाला माहीत हवं. जमत नसेल तर मुक्काम करू नका, सकाळी जाऊन संध्याकाळच्या एसटीनं परत या. कारण सांगायचीही गरज नाही, "पोराला इथं झोप लागत नाही" एवढं पुरतं.

लेकराला तीन वर्षांपासून तीन गोष्टी शिकवा: शरीराच्या सगळ्या भागांची खरी नावं, चड्डीच्या आतल्या भागाला अंघोळ घालणाऱ्या आणि आईसमोर तपासणाऱ्या डॉक्टरांशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि "आईला सांगू नको" असं कुणी म्हटलं की ते आईला आधी सांगायचं. पाया पडायला किंवा पापा द्यायला जबरदस्ती करू नका. लांबून हात जोडले तरी मान राखला जातो.

मार आणि ओरडण्याबद्दल मोठ्यांशी बोलायचं ते पाहुण्यांसमोर नको. सासूबाई म्हणतील, "दोन रट्टे दिल्याशिवाय पोरं वळणावर येत नाहीत." तिथं वाद घालून काही मिळत नाही. "आई, तुम्ही बसा, त्याचं मी बघते," म्हणा आणि लेकराला उचलून घ्या. संध्याकाळी निवांत वेळी एकच मागणं मागा: "त्याला मारायचं नाही, एवढं माझ्यासाठी करा." दहा गोष्टी एकदम मागितल्या तर एकही मिळत नाही.

त्रास देणाऱ्याला माफ करायलाच हवं असं तुम्हाला कुणी सांगेल. लेकराचं रक्षण करण्यासाठी त्याची अट नाही. माफी हा तुमचा प्रश्न आहे, हवा तेव्हा सोडवा.

लेकराशी काही झाल्याचा संशय आला तर त्याला पुन्हापुन्हा खोदून विचारू नका, कपडे धुऊ नका, १०९८ किंवा ११२ ला फोन करा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ही गोष्ट माहीत असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. 'घरातल्या घरात मिटवणं' कायद्याला मान्य नाही.

७. मदत कुठं आणि कशी घ्यायची

सगळ्यात सोपी सुरुवात फोनची. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीत. कागद लागत नाही. पहिलं वाक्य तयार ठेवा, नाहीतर रडू येतं आणि फोन ठेवला जातो: "मला लहानपणी मारहाण झाली आहे. आता माझं तीन वर्षांचं मूल आहे आणि मला त्याच्यावर आवरत नाही इतका राग येतो."

समोरासमोर भेटायचं तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा आणि खिडकीवर 'मानसोपचार विभाग' सांगा. लाजून 'डोकं दुखतं' सांगितलं तर दुसऱ्याच ओपीडीत पाठवतात आणि दिवस वाया जातो. सोबत वही न्या. डॉक्टरकडे वेळ कमी असतो, सात दिवसांच्या नोंदी दाखवल्या की दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांत होतं.

मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देऊ शकतात, मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. जुन्या आघातांवर बोलण्याचे उपचार उपयोगी पडतात, ते आठवड्याला एक बैठक असे काही महिने चालतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, मनानं बंद करू नका. बाळ अंगावर पीत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, त्यानुसार गोळी निवडता येते.

"वेडी ठरवतील आणि पोर काढून घेतील" ही भीती फार बायकांना दवाखान्यात जाऊ देत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शिवाय उपचारासाठी भरती झालेल्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे वेगळं करायचं नाही, असं त्यात लिहिलेलं आहे.

बाहेरचं लागलंय म्हणून भगताकडं नेणारे भेटतील. देवाला जाऊन मन हलकं होत असेल तर जरूर जा. पण उपचाराच्या नावाखाली मारणं, उपाशी ठेवणं, चटके देणं सुरू झालं तर तिथून उठा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अशा अघोरी प्रकारांना गुन्हा ठरवलं आहे.

घरात आजही मारहाण चालू असेल तर आधी ती थांबायला हवी. मूल स्वतः मार खात नसलं तरी आईला मार खाताना पाहणं त्याला तितकंच लागतं. १८१ वर बोला, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो या वेळी: लेकराला किंवा स्वतःला संपवावं असे विचार येणं, कानात आवाज येणं, बाळंतपणानंतर दोन रात्री झोप नाही आणि तरी थकवा जाणवत नाही. १०८ बोलवा, लेकरू दुसऱ्याकडे द्या, एकटं राहू नका.

८. लेकराकडं बघा

अधूनमधून हट्ट, चावणं, जमिनीवर लोळणं हे या वयाचंच आहे. त्याची काळजी नको. काळजी करायची ती शांत मुलाची. पडून गुडघा फुटला तरी जवळ न येणारं, तुमच्या पावलांचा आवाज आला की खेळ थांबवून चेहरा वाचणारं, दोन-तीन वर्षांचं असून सगळं ऐकणारं मूल. पाहुणे त्याला 'किती गुणी' म्हणतात. शिवाय बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, येत असलेले शब्द जाणं, रोज रात्री दचकून उठणं.

यातलं काही महिनाभर टिकलं तर अंगणवाडी सेविकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं. ते जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात, तिथली तपासणी मोफत असते. माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार सोबत न्या. बाळ लहान असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. वजन झालं की त्या निघायच्या बेतात असतात, तेव्हाच त्यांना थांबवून स्वतःबद्दल सांगा.

तीन महिन्यांनी वही पुन्हा सात दिवस भरा. फुल्यांची संख्या बघा, पण त्याहून जास्त बघा ते भडक्यापासून जमिनीवर त्याच्याशेजारी जाऊन बसेपर्यंत किती वेळ गेला ते. आधी तो दुसऱ्या दिवसापर्यंत लांबत असेल आणि आता अर्ध्या तासावर आला असेल, तर काम होतंय. आखाजीनंतर किंवा कुणाच्या मयतीनंतर तो पुन्हा लांबला, तर दुसऱ्या टप्प्यातला क्रम परत दोन आठवडे, चहाआधी आणि झोपताना.